अजून काही नाही : पहिलटकरणीच्या नवऱ्यासाठी मार्गदर्शिका

ज्याची बायको पहिल्या बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी गेली आहे आणि जो स्वतः पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टी मोजत बसला आहे, अशा गृहस्थासाठी ही मार्गदर्शिका आहे. सातारा उदाहरणादाखल घेतलं. माहेर चिपळूणचं किंवा संगमनेरचं असलं तरी सूचना त्याच, फक्त घाट बदलतो. खुद्द पहिलटकरणीसाठी यात काही नाही. तिला बरंच कळतं, आणि जे कळत नाही ते सांगायला घरात आई, आजी, दोन काकू आणि समोरच्या वहिनी आहेत. नववा महिना लागल्यावर पद जातं ते नवऱ्याचं. आतापर्यंत तो सोनोग्राफीला गाडी काढायचा, गोळ्या आणायचा. आता त्याच्याकडे एकच काम उरतं, वाट पाहणे, आणि ते कसं करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आधी तारखेचं समजून घ्यावं. डॉक्टरांनी फाइलीवर लिहून त्याखाली दोन रेघा मारलेली ती तारीख हायडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले नावाच्या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या हिशेबाने काढलेली असते. हा हिशेब एकोणिसाव्या शतकातला, आणि चौथीच्या मुलाला जमेल इतका सोपा. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्यायचा, त्यात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे यायचं. पाळी १० जूनला आली असेल तर तारीख १७ मार्च. एकूण २८० दिवस. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत, त्याही काही फार लांब नव्हत्या. या हिशेबात प्रत्येकीची पाळी बरोबर २८ दिवसांनी येते असं धरलेलं आहे; शरीरांना तसं कोणी कळवलेलं नाही. सोनोग्राफीने तारीख थोडी इकडेतिकडे होते. तरी नेमक्या त्या दिवशी जन्मणारी मुलं शंभरात चार-पाचच. ३७ आठवडे भरल्यापासून ४२ पर्यंत बाळ कधीही येऊ शकतं, आणि पहिलं असलं की तारीख ओलांडण्याकडेच त्याचा कल असतो.

हे तुम्हाला पटलं. आता हेच बायकोच्या आत्याला पटवून पाहा. डोहाळजेवणाला ओटी भरायला आलेल्या यच्चयावत बायकांना सासूबाईंनी ‘सतरा मार्च’ सांगून टाकलेलं असतं, आणि त्या बायकांनी ते कालनिर्णयवर गोल करून ठेवलेलं असतं. म्हणून ज्यांचं डोहाळजेवण अजून व्हायचं आहे त्यांनी खरी तारीख फाइलीत ठेवावी आणि नातेवाइकांत ३१ मार्च सांगावी. वर्षअखेर असल्याने लक्षातही राहते आणि बँकेतले काका त्या दिवशी फोन करत नाहीत.

फोनचं प्रकरण सगळ्यात अवघड, म्हणून जरा सविस्तर. सोळा तारखेपासून फोनवर ‘हॅलो’ म्हणायची पद्धत बंद होते. पलीकडून थेट येतं, ‘काय, काही?’ याला ‘अजून काही नाही’ हे एकमेव मान्य उत्तर आहे. ते उत्साहात द्यायचं नाही, कारण मग लपवताय असं वाटतं. खचलेल्या आवाजातही नाही, कारण मग काहीतरी बिनसलंय असं वाटतं. वीज मंडळाच्या तक्रार कक्षातला माणूस ज्या आवाजात ‘काम चालू आहे’ म्हणतो, तो आवाज घरी आरशासमोर बसवून घ्यावा. फोन न उचलणं हा पर्याय नाही. तुम्ही अंघोळीला गेलात आणि तेवढ्यात कोल्हापूरच्या मावशीचा फोन वाजून बंद झाला, तर तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर येईपर्यंत ‘ॲडमिट केलंय वाटतं’ ही बातमी इचलकरंजीच्याही पुढे गेलेली असते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसबाबत तर विशेष दक्षता. सोसायटीत दोन दिवसांनी पाणी आलं म्हणून ‘अखेर आलं!’ असं टाकणाऱ्या गृहस्थाला पंधरा मिनिटांत अभिनंदनाचा पूर येतो, आणि मामेसासरे वजन विचारतात.

तुम्ही स्वतः बायकोला फोन कराल तेव्हा ‘काही होतंय का?’ असं विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे. ‘होतंय ना. पाठ धरलीये, पोटऱ्यांना गोळे येतायत, छातीत जळजळतंय, रात्री पाचदा बाथरूमला उठले, आणि आत्ता त्याने बरगडीत लाथ घातली. तू नक्की कशाबद्दल विचारतोयस?’ त्याऐवजी जेवणाचं विचारावं. त्यातही ‘आईने काय केलंय?’ एवढंच; ‘तेवढंच खाल्लंस?’ हे नाही.

वरच्या वाक्यातला ‘त्याने’ ऐकून घरातल्या बायका माना डोलावतात. मुलगा की मुलगी हे सांगायला आणि विचारायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, त्याआधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला होता, आणि प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात तसा फलक लावलेला असतो. पण कायद्याचा हात मशीनपर्यंत पोचतो, समोरच्या वहिनींपर्यंत नाही. पोट पुढे आहे की पसरट, चेहरा उजळलाय की उतरलाय, उठताना कोणता हात टेकते, एवढ्यावर त्या निकाल देतात आणि निकाल चुकल्यावर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणतात. या चर्चेत नवऱ्याने मत देऊ नये. विचारलंच तर ‘दोघं सुखरूप असू देत’ म्हणून चहाचा कप उचलावा.

सामानाचं थोडक्यात. इंटरनेटवरून काढलेली यादी घेऊन सासुरवाडीला जाऊ नये. तिथे कपाटाच्या खालच्या कप्प्यात मऊ सुती साड्यांची दुपटी, लंगोट, झबली आणि बांधायच्या टोपड्या धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून तयार असतात. अर्धी मावसबहिणीच्या मुलीची आहेत, कारण जन्माआधी नवं कोरं आणायचं नसतं. आजीच्या लुगड्याची गोधडी तुम्ही आणलेल्या आठ हजारांच्या फोल्डिंग पाळण्याकडे पाहून हसते. तुमच्या अखत्यारीत फक्त फाइल येते. सगळे रिपोर्ट, रक्तगट, आधारच्या झेरॉक्स, मेडिक्लेमचं कार्ड. ही फाइल साताऱ्यात असावी. पुण्यातल्या गाडीच्या डिकीत ती सुरक्षित राहते, पण कुणाच्या कामाची नसते.

रजेचं गणित मात्र कोणालाच सुटलेलं नाही. बायकोला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या बाळासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठपर्यंत आधी घेता येतात; पण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या वाट्यातून जातो, म्हणून ती शेवटपर्यंत लॅपटॉप पोटावर टेकवून मीटिंगला बसते. नवरा केंद्र सरकारी नोकर असेल तर त्याला १५ दिवस. खासगीत असेल तर साहेबाच्या मनात येईल तेवढे. बाळ येण्याची मुदत पाच आठवड्यांची आणि तुमच्या हातात दिवस पंधरा. तारखेला धरून रजा टाकली की पहिला आठवडा सासऱ्यांबरोबर बातम्या बघण्यात जातो, आणि पुण्याला परतून हजर झालात की दुपारी फोन येतो. रजा बाळ आल्यावरच टाकावी. साहेबाला आधी सांगून ठेवावं आणि रोज सकाळी ‘आज येतोय’ असा मेसेज करावा, म्हणजे त्यालाही वाट पाहण्याची सवय लागते.

आता कळा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये गर्भाशय आधीपासूनच अधूनमधून आवळतं हे नोंदवलं, आणि तेव्हापासून खोट्या कळांना त्याचं नाव आहे. या कळा शनिवारी रात्री, म्हणजे तुम्ही साताऱ्यात असताना, हमखास येतात. तुम्ही तडक उठता, कळा मोजायचं ॲप उघडता.

‘आली?’

‘हं.’

‘लिहिली. सात मिनिटं. आता?’

‘थांब जरा.’

‘आता आली?’

‘अरे, लघवीला जायचंय मला. बाजूला हो.’

ती जाऊन येते, तांब्याभर पाणी पिते, कूस बदलते, आणि कळा थांबतात. हीच ओळख. चालल्याने, पाणी प्यायल्याने, आडवं झाल्याने थांबतात त्या खोट्या. खऱ्या थांबत नाहीत, जवळजवळ येतात आणि जोर धरतात. पहिलटकरणीसाठी सर्वसाधारण हिशेब असा, की दर पाच मिनिटांनी, एकेक मिनिटभर, अशा तासभर आल्या की निघायचं. ती झोपते. तुम्ही मात्र पहाटेपर्यंत बूट घालून सोफ्यावर बसता.

एका गोष्टीत गंमत बाजूला. पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय असं ती म्हणाली, तर ॲपही नको आणि आत्याचं मतही नको. सरळ दवाखाना. गाडी नसेल तर १०८. हालचालीची शंका आली तर तिने डाव्या कुशीवर निवांत पडून मोजावं. दोन तासांत दहा हालचाली कळायला हव्यात. नाही कळल्या तर रात्रीचे तीन वाजलेले असोत, डॉक्टरांना उठवायचं. त्यासाठी ते झोपतात.

तारीख उलटली की घरगुती उपाय सुरू होतात. गरम दुधात तूप चालू असतंच, त्यात खजूर येतो, मग जिना चढणं-उतरणं, मग उकिडवं बसून फरशी पुसणं. हे तिला झेपेल तेवढं चालू द्यावं, संध्याकाळी फिरायला तुम्हीही बरोबर जावं. अजिंक्यताऱ्यावर नेऊ नये. कोणी एरंडेलाची बाटली काढली तर मात्र जावईपणाची लाज सोडून मध्ये पडावं आणि आधी डॉक्टरांना विचारायला लावावं, कारण त्याने कळा येतील न येतील, जुलाब नक्की होतात. याच सुमारास सासरे पंचांग घेऊन बसतात. गुरुवारपर्यंत थांबलं तर नक्षत्र चांगलं आहे असं ते पोटाकडे बघून सांगतात.

खरा फोन येईल तेव्हा तुम्ही बहुतेक खंबाटकीत एका बंद पडलेल्या ट्रकमागे असाल. मेहुणा बोलेल. ‘भावजी, सावकाश या, आम्ही पोचलोय.’ या वाक्यातला ‘सावकाश’ तंतोतंत पाळावा. दवाखान्यात पोचल्यावर पुढ्यात येईल त्या फॉर्मवर सही करावी, पण वाचून. मग सासूबाईंना चहा आणून द्यावा, आणि लेबर रूमच्या दारातून बाहेर येणाऱ्या प्रत्येक नर्सला ‘काही?’ असं विचारावं. ती ‘अजून काही नाही’ म्हणेल, अगदी त्याच आवाजात.

राहता राहिले पेढे. आगाऊ सांगून ठेवू नयेत. मिठाईवाला ‘पेढे की बर्फी?’ असं विचारतो आणि त्या प्रश्नामागचा प्रश्न दुकानातल्या सगळ्यांना कळतो. साताऱ्यात असल्याचा फायदा घेऊन कंदी पेढे घ्यावेत. मुलगी असो की मुलगा, तेच वाटावेत. दूध आटवून खमंग भाजलेले असल्याने ते टिकतातही, म्हणजे एकतीस तारीख सांगितलेल्या मंडळींसाठी दोन किलो बाजूला काढून ठेवता येतात.