थरथरीचे दूरस्थ निदान

पुढची दोन्ही चाके एकाच सलग अ‍ॅक्सलवर बसवलेल्या अमेरिकी पिकअपचे एक चाक ताशी 80-90 किलोमीटरच्या वेगात पुलाच्या सांध्यावर आदळले, की काही गाड्यांचे स्टिअरिंग उजवी-डावीकडे असे हिसके देऊ लागते की चालकाने गाडी धरली आहे की गाडीने चालकाला, याचा निर्णय करणे कठीण व्हावे. आणि वेग बराच उतरेपर्यंत हे हिसके आपणहून थांबत नाहीत. तिकडे या विकाराला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. 1994 पासूनच्या डॉज रॅम 2500 व 3500 आणि 2005 पासूनच्या फोर्ड एफ-250 व एफ-350 यांच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्या, तसेच जीप रँग्लर, या सर्वांच्या पुढच्या अ‍ॅक्सलची मांडणी साधारण एकाच घराण्यातली असल्याने त्यांच्या मालकांच्या गप्पांत हा विषय हटकून निघतो. प्रस्तुत लेखकाची गाडी पुण्यातली, लहान आणि पुढची चाके स्वतंत्रपणे टांगलेली आहे, म्हणजे तिला हा विकार या रूपात जडणे रचनेनेच जवळजवळ अशक्य; आणि जो रोग आपल्याला व्हायची भीती नाही त्याविषयी माणूस जितक्या अधिकाराने बोलू शकतो, तितक्या अधिकाराने तो सर्दीविषयीही बोलू शकत नाही.

चाकाचे बॅलन्सिंग बिघडल्याने येणारा कंप निराळा. तो एका ठरावीक वेगाला जाणवतो, वेग वाढला की बहुधा ओसरतो, आणि रिमला योग्य जागी वजनाचा तुकडा ठोकला की जातो. डेथ वॉबल हा स्वयंप्रेरित कंप होय, म्हणजे खड्डा निमित्तमात्र असतो आणि पुढची ऊर्जा गाडीच्या स्वतःच्या गतीतूनच मिळत राहते. एक चाक वर उचलले गेले की सलग अ‍ॅक्सल तिरपा होतो. फिरत्या चाकाला असे कलते केले की ते, भोवऱ्याप्रमाणेच, कलण्याबरोबर भलत्याच दिशेला वळूही पाहते, ज्याला जायरोस्कोपी परिणाम म्हणतात. वळलेल्या चाकाचा टायर अ‍ॅक्सलला बाजूला ढकलतो, अ‍ॅक्सल पुन्हा तिरपा होतो, आणि हा व्यवहार सेकंदाला अनेकदा चालू राहतो. सगळे सांधे घट्ट असतील तर घर्षण ही ऊर्जा गिळून टाकते. एखाद्या सांध्यात मिलिमीटरभर ढील, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘प्ले’, असेल तर थरथर वाढत जाते.

येथे थोडे विषयांतर अपरिहार्य आहे, किंबहुना प्रस्तुत लेखकाच्या बाबतीत मूळ विषय हीच विषयांतराची सबब असते. 1920 च्या दशकात मोटारींना कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर आले आणि पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले; बैठक मऊ झाली, गाडी लवकर थांबू लागली, आणि त्याच सुमारास पुढची चाके पूर्वी कधी नव्हती इतकी थरथरू लागली. 1925 मध्ये फ्रेंच अभियंता ब्रुलिए याने टायर ज्या दिशेला रोखलेला असतो आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला सरकतो त्या दोहोंतील कोनाकडे लक्ष वेधले, आणि थरथरीच्या अभ्यासाला पाया मिळाला. मॉरिस ऑली हा इंग्रज अभियंता रोल्स-रॉइस सोडून 1930 मध्ये जनरल मोटर्सकडे आला; 1932 मध्ये त्याने वजने मागे-पुढे सरकवता येतील अशी एक प्रचंड चाचणीगाडी बांधवून घेतली; आणि ही थरथर अ‍ॅक्सलला औषधपाणी करून जाणारी नसून अ‍ॅक्सलच काढून टाकायला हवा, या मताला आलेल्या मंडळींचा तो अग्रणी ठरला. 1934 च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या मोटारींत पुढची चाके स्वतंत्र होऊ लागली. थरथरीने मग विमानांकडे मोर्चा वळवला. 1941 मध्ये फॉन श्लिपे आणि डीट्रिख या जर्मन अभ्यासकांनी विमानाच्या चाकाच्या थरथरीचे गणित मांडले, आणि आजही अनेक लहान विमानांच्या नाकाखालच्या चाकाला ती आवरणारा छोटा डँपर असतो. सलग अ‍ॅक्सल उरला तो ओझे वाहणाऱ्या आणि दगडधोंड्यांतून जाणाऱ्या गाड्यांत, कारण मजबुतीत त्याला तोड नाही. आणि त्या गाड्यांचे मालक उंची वाढवणारे लिफ्ट किट व हातभर रुंद टायर हौसेने बसवून बलून टायरचा इतिहास स्वखर्चाने पुन्हा घडवत असतात.

ही सर्व माहिती टेक्ससमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या भाच्याला दूरध्वनीवरून सांगितली जात असताना, कथानक ऑलीने रोल्स-रॉइस सोडण्याच्या प्रसंगापर्यंत आले होते, तेव्हा भाच्याने “मामा, ते झालं, पण बघायचं काय?” असा अभ्यासाला मारक प्रश्न विचारला. त्याने तेथे एक जुनी पिकअप विकत घेतली होती, आणि तिने हमरस्त्यावर त्याला हा प्रयोग दाखवला होता. अशा वेळी स्टिअरिंगशी झुंजू नये, ते ठाम धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, ब्रेक करकचून न दाबता वेग उतरू द्यावा आणि गाडी कडेला घ्यावी, हे त्याने मामाला न विचारता केले होते.

पाहायचे काय, याचे उत्तर इतिहासाहून आटोपशीर आहे. गाडी स्वतःच्या चाकांवर, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून उभी करावी. एकाने आत बसून स्टिअरिंग थोडेथोडे उजवी-डावीकडे हलवावे. दुसऱ्याने पुढच्या चाकाशी आडवे होऊन, हात बाहेर ठेवून, सांध्यांकडे बघत राहावे. प्रथम बघायचा तो ट्रॅक बार, म्हणजे चासीच्या एका बाजूपासून अ‍ॅक्सलच्या विरुद्ध टोकापर्यंत जाणारा आडवा दांडा: कॉइल स्प्रिंग अ‍ॅक्सलवर गाडीचा भार पेलतात, पण त्याला डावी-उजवीकडे सरकू न देण्याचे काम मुख्यतः या एकट्या दांड्याचे असते. त्याचा बोल्ट सैल पडला किंवा बुश, म्हणजे सांध्यातली रबरी बांगडी, फाटली, की अ‍ॅक्सल मोकाट सुटतो. सैल बोल्टने बरेच दिवस प्रवास केला तर त्याचे भोकही अंडाकृती होते, आणि मग नुसते आवळून भागत नाही. त्यानंतर जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवावे, म्हणजे बॉल जॉइंट आणि बेअरिंगचा प्ले कळतो. आडवे धरून हलवले की टाय रॉड एंडचा. टायरमधील हवा, चाकांचे बॅलन्सिंग, आणि लिफ्ट किटमुळे कमी झालेला कॅस्टर, म्हणजे चाकाला सरळ राहायला लावणारा वळण-अक्षाचा मागचा कल, ही यादी त्यानंतरची.

या चाचणीला दोन माणसे लागतात, ही गोष्ट ग्रंथांत एका ओळीत उरकलेली असते. आत भाचेसून बसली होती. अर्ध्या तासाहून अधिक वेळ ती न कंटाळता उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे करत होती, भाचा गाडीखालून “अजून एकदा” म्हणत होता, आणि मागच्या सीटवर दोन वर्षांच्या नातवाची रिकामी खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती, हे तिने बोलता बोलता सांगितले. ऑलीचे उरलेले चरित्र त्या रात्री पुढे सरकले नाही.

ट्रॅक बारच्या चासीकडच्या टोकाशी ‘टक्’ असा आवाज ऐकू आला. त्याच वेळी दुसरी एक वस्तू सापडली, आणि तिच्याविषयी मात्र शास्त्रीय अलिप्तता बाळगणे अवघड आहे. सगळ्या भागांवर वर्षानुवर्षांचा चिखल असताना स्टिअरिंगचा डँपर, म्हणजे हिसके शोषणारा आडवा शॉक अब्सॉर्बर, कोरा करकरीत होता. नवा डँपर सैल सांध्याची थरथर काही काळ दाबतो, बरी करत नाही. आधीच्या मालकाला गाडी दाखवण्यापुरता तो काळ पुरेसा होता. ज्याला थरथर माहीत होती त्याने ती एका अनोळखी कुटुंबाच्या हाती, त्या छोट्या खुर्चीसकट, हसतमुखाने सोपवली. सांध्यातला प्ले मिलिमीटरमध्ये मोजता येतो. या व्यवहाराचे मोजमाप कोणत्या एककात करायचे, हे ब्रुलिएनेही सांगितलेले नाही.

भोक वाकडे झाले असल्याने गॅरेजमध्ये त्या ब्रॅकेटचे काम करून घ्यावे लागले. नवे बुश, नवा बोल्ट, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळणे, आणि काही अंतर चालवून पुन्हा एकदा तपासणे, एवढ्यावर प्रकरण मिटले. बोल्ट फिरला तर लगेच लक्षात यावे म्हणून मेकॅनिकने त्याच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली. तिचे छायाचित्र प्रस्तुत लेखकाने तातडीने मागवून घेतले, आणि तेव्हापासून लग्नकार्यांत, जेवणानंतर, ‘आमच्या देखरेखीखाली झालेले काम’ म्हणून ते दाखवले जाते. अलीकडे एका साखरपुड्यात वधूच्या काकांनी, जे तीस वर्षे गॅरेज चालवतात, ते छायाचित्र बराच वेळ न्याहाळून फोन उलटा धरला असल्याचे नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर त्यांना 1930 साली मॉरिस ऑली जनरल मोटर्सकडे कसा आला, तेथपासून सुरुवात करून देण्यात आली.