सरकारी वस्तरा, खासगी हनुवटी

जुन्या लष्करी वस्तऱ्यांच्या संग्रहाला शस्त्रसंग्रहाच्या पंक्तीला बसवावे असा संग्राहकांचा आग्रह असतो. मात्र तलवारीने रक्त निघते ते शत्रूचे आणि वस्तऱ्याने निघते ते बहुधा मालकाचेच, या भेदाकडे ते सोयीस्कर काणाडोळा करतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायाच्या सामानात असलेला वस्तरा हा शेफील्डच्या कोणत्याही साध्या वस्तऱ्यासारखाच असे: कार्बनयुक्त पोलादाचे पाते, त्याला पोटात घेणारी शिंगाची किंवा सेल्युलॉइडची दुपाखी मूठ आणि दोहोंना जोडणारी खीळ. त्याला लष्करी ठरवते ती केवळ ‘रुंद बाणा’ची खूण, म्हणजे कावळ्याच्या पायासारख्या तीन रेघा, ज्या ब्रिटिश सरकार तोफांपासून कैद्यांच्या कपड्यांपर्यंत आपल्या सर्व मालमत्तेवर उमटवीत असे. माल मोडीत विकताना या बाणाच्या टोकाला टोक भिडवून दुसरा उलटा बाण मारण्याची पद्धत होती. तेव्हा ज्या वस्तऱ्यावर एकच बाण आहे तो काटेकोर हिशेबाने अजून राजाचाच म्हणावा लागेल, आणि संग्राहक अधिक पैसे मोजतो ते नेमके अशाच वस्तऱ्यासाठी.

जिथे एका खुणेने किंमत वाढते तिथे ती खूण मागाहून मारणारेही निपजतातच. भिंगाखाली पाहिले असता जुन्या बाणाच्या खोबणीत पात्याच्या वयाला शोभेल असा काळेपणा मुरलेला दिसतो, तर नव्या बाणाच्या कडा उचललेल्या आणि तळ चकचकीत असतो. अर्थात विक्रेत्याने तो तळही काळा केला असल्यास संग्राहकाला फक्त स्वतःच्या श्रद्धेचा आधार उरतो.

या वस्तऱ्याच्या अधिकारक्षेत्राचा इतिहास स्वतंत्र प्रबंधाच्या योग्यतेचा आहे. ब्रिटिश भूदलाच्या नियमांनुसार हनुवटी आणि खालचा ओठ भादरणे सक्तीचे होते, परंतु वरच्या ओठाला वस्तरा लावणे हा शिस्तभंग होता; त्यामुळे ज्या कोवळ्या रंगरुटाला मिसरूडही फुटले नव्हते, त्याच्याकडूनही मिशीची अपेक्षा धरली जाई. ऑक्टोबर 1916 मध्ये, म्हणजे फ्रान्समधील सोमच्या रणधुमाळीत माणसे हजारांनी पडत असताना, ॲडज्युटंट जनरल सर नेव्हिल मॅक्रेडी यांनी ही सक्ती उठवणारा हुकूम काढला. त्यांना स्वतःला मिशी नावडती होती, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा. आरमाराचे तर्कशास्त्र आणखी वेगळे होते. तेथे 1869 पासून दाढी आणि मिशी दोन्ही ठेवण्याची किंवा दोन्ही उतरवण्याची मुभा होती, पण नुसती मिशी चालत नसे, त्यामुळे जो चेहरा जमिनीवर शिस्तीचा आदर्श ठरे तोच जहाजावर नियमबाह्य होई.

हिंदी फौजेत रोजच्या दाढीचा प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटला होता, कारण तेथे पलटणीबरोबर धोबी आणि भिश्ती असत तसा न्हावीही असे, आणि त्यांना ‘फॉलोअर’, म्हणजे न लढणारे पगारी चाकर, म्हणत. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या शिपायांची दाढी तर बराकीतला न्हावी पहाटे ते झोपेत असतानाच उरकत असे. परक्या मुलखात, सत्ताधाऱ्याने डोळे मिटून आपला गळा रोज रयतेच्या वस्तऱ्याखाली द्यावा, या विश्वासाची साम्राज्याच्या इतिहासकारांनी पुरेशी दखल घेतलेली नाही. अशा शिपायाचा स्वतःचा वस्तरा केवळ सामानाच्या तपासणीपुरता बाहेर निघत असणार, असा तर्क करून संग्राहक हिंदुस्थानातून आलेल्या कोऱ्या पात्यांवर विशेष लोभ ठेवतो.

मुठीवर कोरलेला शिपायाचा क्रमांक सापडला की संग्राहकाची झोप उडते. परंतु 1920 पूर्वी हे क्रमांक पलटणीगणिक वेगळे दिले जात असल्याने एकच क्रमांक अनेकांच्या वाट्याला येई, आणि पहिल्या महायुद्धातील शिपायांच्या नोंदींपैकी निम्म्याहून अधिक कागद सप्टेंबर 1940 मधील लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. साहजिकच मूळ मालक शोधण्याच्या कामाला अंत नसतो, आणि तो नसावा अशीच संग्राहकाची मनोमन इच्छा असते.

निगा राखण्याच्या बाबतीत हा छंद माणसाला सोवळेकरी बनवतो. कार्बनयुक्त पोलादाला पाण्याचा थेंबही सोसत नाही, म्हणून पाते पाठीकडून धारेकडे पुसावे, खिळीभोवतीची ओल कापडाच्या टोकाने टिपावी आणि खनिज तेलाचा पातळ हात फिरवून ठेवावे. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये, कारण चामडे दमटपणा धरून ठेवते. लाल गंज पोलाद खात जातो, म्हणून तो काढायचा. काळसर झाक मात्र पोलादाचे रक्षण करते आणि वयाची साक्षही देते, म्हणून ती राखायची. हा विवेक नसलेला उत्साही माणूस यंत्रावर पाते आरशासारखे उजळतो, आणि त्या झळाळीत कारखान्याचे नाव, बाण व किंमत हे तिन्ही एकदमच नाहीसे होतात. धार लावताना पाते पथरीवर धार पुढे ठेवून सरकवतात, तर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून. या दोन दिशांची गल्लत झाली की पट्टा कापला जातो आणि धारही जाते.

सर्वांत मोठे संकट सेल्युलॉइडचे. नायट्रेटयुक्त सेल्युलोज आणि कापूर यांपासून बनणारे हे कृत्रिम द्रव्य म्हातारपणी विघटित होऊ लागले की आम्लधर्मी वाफा सोडते, ज्यांनी आधी त्याच मुठीतले आणि मग शेजारच्या मुठींतले पाते गंजू लागते. मुठीच्या पोटातल्या पात्यावर अचानक तांबूस डाग उमटले, तर तो वस्तरा तत्काळ इतरांपासून दूर करून हवेशीर जागी ठेवावा लागतो. घरात अशी हवेशीर जागा बहुधा स्वयंपाकघराच्या खिडकीतच असते, आणि तेथे लोणच्याच्या बरण्यांशेजारी 1915 सालचा आजारी वस्तरा ठेवण्याविषयी कुटुंबीयांशी होणारी बोलणी ब्रिटिश लष्कराच्या कोणत्याही नियमावलीत बसत नाहीत.