जुना उभा व्हॅक्यूम क्लीनर कसा निवडावा : धानोऱ्यातील कुटुंबप्रमुखांसाठी शास्त्रोक्त मार्गदर्शन

ज्याची मोटार, पंखा आणि धुळीची पिशवी एकाच दांड्यावर बसवलेली असते आणि जो उभ्यानेच पुढेमागे ढकलायचा असतो, त्यास उभा व्हॅक्यूम क्लीनर म्हणतात. भारतात अधिक आढळणारा, लांब नळीचा आणि मागून ओढत न्यायचा प्रकार याहून निराळा. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन येथे जेम्स मरे स्पँग्लर या दम्याने त्रस्त सफाई कामगाराने पंखा, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा यांच्या जुळणीतून असे यंत्र सिद्ध केले, १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले आणि त्याचे हक्क हूव्हर कुटुंबाकडे गेले. नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा येथे असे जुने यंत्र आणू इच्छिणाऱ्या कुटुंबप्रमुखाने, म्हणजे घरातील खरेदीचा निर्णय घेणाऱ्या परंतु केर न काढणाऱ्या व्यक्तीने, पुढील निकष क्रमाने तपासावेत.

पहिला निकष जमिनीचा. हूव्हर कंपनीने १९२६ मध्ये यंत्राच्या तोंडाशी फिरणाऱ्या रुळावर धातूच्या पट्ट्या बसवल्या. या पट्ट्या गालिचा थोपटतात, त्यामुळे आत रुतलेली माती सुटते आणि हवेच्या झोताबरोबर वर ओढली जाते. ही योजना गालिचा गृहीत धरते. शेणामातीने सारवलेल्या घरात हाच रूळ प्रथम सारवणाचे पोपडे, नंतर माती आणि अखेरीस मुरूम उचलू लागेल, आणि धूळ कोणती व जमीन कोणती हा विवेक यंत्राकडे नसल्यामुळे घर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत ओसरी वीतभर खाली गेलेली असेल. यावर उपाय म्हणून आधी गालिचा विकत घ्यावा, म्हणजे यंत्राला साजेशी धूळ घरात साठण्याची सोय होते.

दुसरा निकष विजेचा. अमेरिकेतील घरगुती वीज सुमारे १२० व्होल्टची आणि भारतातील २३० व्होल्टची असल्यामुळे तिकडचे यंत्र इकडच्या सॉकेटमध्ये थेट खोचल्यास मोटार जळते. ते चालवायचे तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, जो वजनदार असतो आणि ज्याच्याखालची जागा झाडता येत नाही. लंडनजवळच्या पेरिव्हेल येथील कारखान्यात बनलेले हूव्हर या बाबतीत सरस ठरते, कारण ब्रिटनमधील विजेचा दाब भारताच्या जवळपास आहे आणि तेथील जुना गोल पिनांचा प्लगही भारतीय प्लगच्याच घराण्यातला आहे. लाइट गेल्यावर मात्र सर्व ब्रँड समान दर्जाचे होतात.

तिसरा निकष धुळीच्या जातीचा, आणि येथे स्थानिक परिस्थितीचा विचार अपरिहार्य आहे. नंदुरबार ही लाल मिरचीची मोठी बाजारपेठ असून हंगामात पथारींवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मोकळ्या जागांवर, लाल थर पसरलेले असतात. घरच्या अंगणातही वर्षभराची मिरची वाळते. जुन्या उभ्या यंत्रात ओढलेला केर आधी पंख्यातून जातो आणि मग कापडी पिशवीत शिरतो. पिशवीने केर धरावा आणि हवा सोडावी अशी अपेक्षा असते. मिरचीची बारीक पूड या अपेक्षेला जुमानत नाही. ती पिशवीच्या विणीतून हवेबरोबर बाहेर पडते, आणि एरवी एका कोपऱ्यात पडून राहिलेला ठसका घरभर समप्रमाणात वाटला जातो. शिवाय खडा, चिंचोका किंवा मुलांची गोटी पंख्यावर आदळून त्याचे पाते तुटू शकते. म्हणून यंत्र फिरवण्यापूर्वी जमीन फड्याने, म्हणजे शिंदीच्या पानांच्या झाडूने, नीट झाडून घ्यावी.

हे तीन निकष पार पडल्यावरच ब्रँडकडे वळावे. हेन्री ड्रेफस यांनी रेखाटलेले १९३६ चे हूव्हर १५० हे मॉडेल देखणे असून पाहुण्यांच्या नजरेस पडेल असे ठेवण्यास योग्य आहे. १९०९ मध्ये डेट्रॉइटमध्ये सुरू झालेल्या युरेकाचे नाव मराठी घरांना ओळखीचे वाटते, कारण १९८२ मध्ये भारतात स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन गादीतली धूळ काढून दाखवत असत. मात्र त्यांच्याजवळचे युरोक्लीन नळीचे असल्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेर राहते. किर्बी हे धातूचे, जड आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकणारे यंत्र असून ते ढकलण्यास लागणारी शक्ती त्याची शिफारस करणाऱ्याजवळ सहसा असते, वापरणाऱ्याजवळ असेलच असे नाही.

चौथा निकष माळ्याचा. कोणत्याही ब्रँडचे यंत्र काही काळाने माळ्यावर जाते हा सार्वत्रिक अनुभव असल्याने खरेदीपूर्वी माळ्याची लांबी मोजावी; तेथे उभे यंत्र आडवेच ठेवावे लागते आणि दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ पुसण्याचे एक काम वाढते. त्याच दिवाळीत लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागते ते नव्या केरसुणीला, हेही जमाखर्चात धरावे.

शेवटचा निकष वापरकर्त्याचा असून तो शेवटी ठेवण्याची प्रथा बहुतेक घरांत पाळली जाते. यंत्र निवडणारा एक आणि पहाटे अंगण, ओसरी व घर झाडणारी दुसरी अशी कामाची वाटणी असेल तर वरील सर्व परीक्षणातून केवळ निवडणाऱ्याची आवड सिद्ध होते. म्हणून कुटुंबप्रमुखाने महिनाभर फडा आणि सुपली स्वतः हाती घ्यावी, केर उकिरड्यावर नेऊन टाकावा, सारवणही करून पाहावे. महिन्याअखेरीस त्याला यंत्राची निकड पटली, तर कोणता ब्रँड घ्यावा हे त्याने घरातील बाईला विचारावे. आणि ती निवांत झाल्यामुळे यंत्राची गरज उरली नाही असे तिने सांगितले, तर फडा त्याच्याकडेच ठेवावा.