मधला चौकोन राहिलाय

सुरुवात करण्यात माझा हात धरणारं महाड तालुक्यात कोणी नाही. आमच्या माळ्यावरचं गाठोडं सोडलं की पुरावेच पुरावे बाहेर पडतात. एक दुपटं भाच्याच्या बारशासाठी शिवायला घेतलेलं; भाचा आता दाढी करतो. एक गोधडी लेकीच्या रुखवतात मांडायची होती. तिच्या जागी ऐन वेळी मिक्सर मांडला. बाकीच्या कुणासाठी होत्या ते आठवत नाही, त्या अर्थी त्या माझ्याच कौतुकासाठी असणार.

सगळ्यांचं दुखणं एकच. गोधडी शिवतात ती कडेपासून. खाली लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या कपड्यांचे थर, वर पुन्हा लुगडं. मग एका कोपऱ्यातून धावदोरा घालत, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. कडेच्या पहिल्या ओळी मी अशा घालते, की बघणाऱ्याने चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावावा. आतल्या ओळी सुरू झाल्या की माझा जीव रमेनासा होतो. घडी घालून ठेवली की दिसतात त्या कडा. मग मधल्या चौकोनासाठी कंबर का मोडून घ्यायची? उभा जन्म मास्तरकीत गेला. तपासणीला येणारे साहेबसुद्धा वहीची पहिली चार पानंच बघायचे.

या उन्हाळ्यात मात्र सगळ्या पुऱ्या करायच्या असं ठरवलं. त्यामागे माया वगैरे काही नव्हती. मराठीत गोधडीवर लिहायला बसलं की लेखकाच्या हाताला आजीच्या मायेची ऊब लागते, असा रिवाज आहे. मी गाठोडं सोडलं तेव्हा माझ्या हाताला झुरळाची अंडी लागली. खरं कारण असं, की पुण्याहून लेकीचा फोन आला. ‘आई, हातशिलाईच्या गोधड्यांना इकडे प्रदर्शनात काय भाव आहे माहितीये?’ भावाचं मला विशेष नाही. पण खाली पाटीवर कलाकाराचं नाव लिहितात म्हणे.

मदतीला पोलादपूरकडच्या मावशी आल्या. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत राहतात. आयुष्यभर पंचक्रोशीच्या गोधड्या मजुरीने शिवत आल्या, आणि त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. त्यांनी माझी गोधडी हातात घेतली. कौतुक झेलायच्या तयारीने मी नजर नम्रपणे खाली वळवली.

‘टाकं बरं हायत,’ मावशी म्हणाल्या. ‘पण बाई, पायाचं बोट अडकतंय का बघितलंव?’

त्यांच्या लेखी टाक्याची परीक्षा तेवढीच. टाका लांब पडला की रात्री पायाचं बोट त्यात अडकतं, माणूस झोपेत लाथ झाडतो आणि दोरा तुटतो. देखणेपणाला गुण नाहीत. मी अंगठा घालून पाहिला. कडेला नाही अडकला. आत, जिथे माझा जीव रमेनासा झाला होता, तिथे नखासकट अडकला.

आता एवढा उशीर कशाने झाला हे सांगायचं तर मुंबई-गोवा महामार्गाकडे वळावं लागेल, आणि महाडचा माणूस एकदा महामार्गाकडे वळला की लवकर परत येत नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, त्याच वर्षी मी लेकीची गोधडी अंथरली. दोन्हीकडचा वायदा एकच, गणपतीपर्यंत होईल. कुठल्या सालचे गणपती, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही. दर श्रावणात त्यांच्याकडे पाहणी व्हायची, खड्डे भरायचे, फोटो निघायचे. दर श्रावणात मीही गाठोडं खाली काढून दोन ओळी घालायची आणि शेजारणींना कडा दाखवायची. त्यांच्याकडे कंत्राटदार बदलले, माझ्याकडे चष्म्याचे नंबर. पेपर वाचता वाचता हे म्हणायचे, ‘माणगावात अजून कोंडी आहेच,’ की मला आतून बरं वाटायचं. एवढं मोठं सरकार, हाताशी यंत्रं, तरी माझ्यापुढे नाही! आणि २०२३च्या गणपतीत कशेडीच्या बोगद्याची एक बाजू चक्क उघडली. दोनेक किलोमीटर डोंगर पोखरून माणसं खेडच्या अंगाला उतरायला लागली. घाटातली किती मिनिटं वाचली, हे चाकरमानी नातेवाईक फोन करून करून सांगायचे. इतकी वर्षं सोबत केलेल्याने असं न सांगता पुढे निघून जावं, हे मनाला लागलं. मग कळलं, की एकच बाजू सुरू, तीही हलक्या वाहनांना आणि एकाच दिशेने. तेव्हा कुठे घास उतरला.

गाठोड्याच्या तळाची गोधडी मात्र माझी नव्हे, सासूबाईंची. सासरे लालबागला गिरणीत होते. पोलादपूर-महाडच्या डोंगरातल्या कितीतरी घरांतले पुरुष गिरणीतच असायचे. शिमग्याला, गणपतीला गावी येताना त्यांच्या पिशवीत कापडाचे तुकडे असत, आणि सासूबाई ते रंगावार लावून ठेवत. या गोधडीत एक निळा, एक पांढरा, पुन्हा एक निळा. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सासरे रिकामी पिशवी घेऊन घरी आले. सासूबाईंनी सुई होती तिथेच टोचून ठेवली. संप मिटला की मधल्या चौकोनाला निळा तुकडा येणार होता. तो संप मागे घेतल्याचं रीतसर कुणी कधी जाहीर केलंच नाही. म्हणजे कायद्याने बघितलं तर त्यांची गोधडी अर्धवट नव्हतीच, नुसती थांबलेली होती. त्यांची आणि माझी सबब इतकी वर्षं एकाच गाठोड्यात बांधलेली होती, याचा मला राग येतो, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी सापडत नाही.

२२ जुलै २०२१च्या रात्री ही सगळी अर्धवट इस्टेट कामाला आली. वर महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तिथलं पाणी सावित्रीतून पोलादपूरमार्गे आमच्याच दारात येतं. तळमजल्यावरचे शेजारी पोराबाळांसह आमच्या बिऱ्हाडात वर आले. त्यांच्या कापसाच्या गाद्या खाली चिखल पीत पडल्या होत्या. मी माळ्यावरून एकेक गोधडी काढून अंथरली. पोरं झोपली, म्हाताऱ्यांनी पांघरून घेतलं. एका आजोबांना सासूबाईंची सुई टोचली. बाहेर पाणी चढत होतं, फोन बंद होते, आणि मेणबत्तीच्या उजेडात माझी कड बघून कुणीतरी ‘वा!’ म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. कुणी म्हणालं नाही. मधला चौकोन राहिलाय, हेही कुणाला दिसलं नाही. त्याच संध्याकाळी आमच्याच तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली होती. ऐंशीहून जास्त माणसं गेली. आम्हाला ते नंतर कळलं. त्यानंतर बरेच दिवस मी सुई हातात घेतली नाही.

पुढे मदतीचे गठ्ठे आले. लोकांनी भरभरून दिलं, आणि काहींनी नुसतंच कपाट रिकामं केलं. त्यात एक निळी चादर होती.

या उन्हाळ्यात मावशींनी ती फाडून सासूबाईंचा मधला चौकोन भरला. ‘निळा जुळत नाही हो,’ मी कुरकुरले. ‘रातीला कोण बघतंय?’ त्यांनी दोरा दाताने तोडला. माझ्या गोधड्यांपैकी लेकीचीही पुरी झाली; दुपट्याचं बघू, भाच्याचं अजून लग्न व्हायचंय.

सासूबाईंच्या गोधडीचा फोटो लेकीला धाडला. लगेच उत्तर आलं, ‘आई, ही पांघरू नकोस हं! दिवाणखान्यात भिंतीवर लाव.’ सूचना मला फार पटली. खाली पाटी लावायचंही मनात ठरलं. वर बारीक अक्षरांत सासूबाईंचं नाव आणि खाली, जरा ठळक, माझं. ह्यांच्याकडून खिळा ठोकून घेतला, गोधडी टांगली आणि चार पावलं मागे सरून बघत राहिले. मावशी दारात चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी गोधडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘बाई, भिताडाला थंडी वाजतेय व्हय?’

गोधडी खाली उतरली. रात्री ह्यांनी ती पांघरली आणि बोट न अडकता घोरले. खिळा उपसताना मात्र गिलाव्याचा पोपडा निघून भिंतीला बशीएवढा खड्डा पडलाय. हे रोज विचारतात, तो कधी बुजवणार? मी सांगितलंय, गणपतीपर्यंत.