खेळाडूंची झोनबंदी

ज्या खेळाडूने संघाकडून अद्याप एकही सामना खेळलेला नाही, त्याच्याविषयी अंतिम निर्णय देऊन मोकळे होण्याच्या विद्येस अमेरिकेत राष्ट्रीय सणाचे स्थान आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपुरात ती चहाच्या टपरीवर विनाशुल्क उपलब्ध आहे. अमेरिकेतील सणाचे नाव ‘ड्राफ्ट’. तेथील नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, ३२ संघ दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस एकत्र येतात आणि महाविद्यालयांतून खेळून बाहेर पडणारे तरुण सात फेऱ्यांमध्ये एकेक करून वाटून घेतात. या वाटपाचा मुख्य नियम असा, की आदल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याने सर्वांत आधी निवड करावी आणि विजेत्याने सर्वांत शेवटी. (ज्या खेळासाठी हे चालते त्यात चेंडू बहुतांशी हातात असतो आणि पायांचा उपयोग मुख्यतः पळण्यापुरता होतो, ही बाब कोल्हापूर जिल्ह्यातील फुटबॉलप्रेमींनी उदार मनाने पोटात घालावी.) २०२४ साली डेट्रॉइट शहरात हा सोहळा झाला तेव्हा तीन दिवसांत पावणेआठ लाखांवर हजेरी नोंदली गेली. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत होती आणि डेट्रॉइटला त्या तीन दिवसांत सामना एकही नव्हता, या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे चर्चा हाच मूळ खेळ असून सामना हे त्याचे परिशिष्ट आहे, हा जयसिंगपुरी सिद्धान्त पुष्कळच पटू लागतो.

या पद्धतीचा सगळा स्वभाव तिच्या जन्मकथेत आलेला आहे. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली इतर मालकांपुढे असा विचार मांडला, की धनवान संघ चांगले खेळाडू पैशाच्या जोरावर ओढून नेतात आणि दुबळे संघ दुबळेच राहतात, तेव्हा दुबळ्यांना आधी हात घालू द्यावा. विचार उदात्त होता. त्या हंगामात तळाला बेल यांचाच संघ राहिला, हा योगायोग मानण्याइतके सौजन्य वाचकाने दाखवावे. फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात फळ्यावर नावे लिहून पहिला ड्राफ्ट झाला, त्यात बेल यांनी पहिल्याच क्रमांकावर शिकागो विद्यापीठाचा जे बरवॅंगर हा देशातला सर्वांत नावाजलेला खेळाडू उचलला, मोबदल्यावर जमेना म्हणून त्याचे हक्क शिकागो बेअर्स या संघाला देऊन टाकले, तेथेही आकडा जुळला नाही, आणि निवडशास्त्राच्या इतिहासातील हा आद्य पुरुष एनएफएलचा एकही सामना न खेळता फोम रबर विकण्याच्या नोकरीला लागला. एखादे शास्त्र पहिल्याच प्रयोगात असे तोंडावर आपटले असते तर त्याच्या अभ्यासकांनी काही काळ तरी मौन पाळले असते. येथे उलट घडले. आज ड्राफ्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी अमेरिकी वृत्तपत्रे प्रत्येक संघाच्या निवडीला श्रेणी देतात, आणि ज्यांना श्रेणी मिळते ते खेळाडू त्या वेळी घरी बसून आईच्या हातचे जेवत असतात.

ड्राफ्टचे दुसरे अंग जयसिंगपूरच्या वाचकाला विशेष समजावून सांगावे लागणार नाही. ज्या संघाने खेळाडूला निवडले त्याच संघाशी त्याने बोलणी करायची, इतर ३१ संघांनी त्याच्याकडे पाहायचे नाही, आणि हे बंधन पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टपर्यंत टिकायचे, असा तो नियम आहे. महाराष्ट्रात उसाच्या बाबतीत हीच व्यवस्था ‘झोनबंदी’ या नावाने नांदून गेली: ज्या साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात शेत आहे त्याच कारखान्याला ऊस घालायचा, शेजारचा कारखाना टनाला चार पैसे जास्त देत असला तरी शेतकऱ्याने बांधावर उभे राहून त्याच्या चिमणीचा धूर पाहायचा. शेतकरी चळवळीने या बंदीविरुद्ध रान उठवले आणि अखेर ती गेली. ज्या गावच्या विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते, ज्या परिषदेत संघटनेचे नेते राजू शेट्टी कोणता आकडा सांगतात याकडे चार जिल्ह्यांचे कान लागलेले असतात, आणि एफआरपी म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान रास्त दर एकरकमी मिळावा की तुकड्यांनी, यावर जेथील शाळकरी पोरेही मत बाळगून असतात, त्या गावाने ड्राफ्टचे नाव ऐकताच बाह्या सरसावायला हव्या होत्या. तसे होत नाही. सकाळी उसाच्या दरावरून कारखानदाराचा उद्धार करणारा गृहस्थ संध्याकाळी त्याच कट्ट्यावर ‘आपल्याकडंबी ड्राफ्ट पायजे, त्याबिगर शिस्त न्हाई’ असे ठासून सांगतो, कारण ऊस त्याचा स्वतःचा असतो आणि खेळाडू दुसऱ्याचा मुलगा असतो.

यातील खरी गंमत अर्थशास्त्राची आहे. मुक्त बाजारपेठेचे जगभर कीर्तन करणारा अमेरिका देश आपल्या फुटबॉलच्या बाबतीत इतका कडवा सहकारवादी आहे, की दूरचित्रवाणीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे ३२ संघांत सारखे वाटले जातात, खेळाडूंच्या एकूण पगारावर प्रत्येक संघाला एकच मर्यादा असते आणि नापासाला पहिला बाक मिळतो. ग्रीन बे पॅकर्स हा संघ तर थेट भागधारक नागरिकांच्या मालकीचा आहे. त्या भागांवर लाभांश मिळत नाही, आणि दिवाळीला सभासदांना सवलतीची साखरही मिळत नसताना लोक रांगा लावून ते घेतात, हे पाहून कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही संचालक मंडळाचा ऊर भरून येईल. याच्या नेमके उलट, साखर, दूध, सूत आणि पतपेढ्या अशा सगळ्या गोष्टी सहकारात घातलेल्या कोल्हापूर जिल्ह्याने फुटबॉल तेवढा सहकाराबाहेर, पेठेच्या रक्तावर आणि दात्याच्या खिशावर सोडून दिला आहे.

कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विवरण आवश्यक आहे. येथील संघ म्हणजे मुळात पेठापेठांतील तालमी आणि तरुण मंडळे: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब आणि त्यांचे भाऊबंद. तालीम ही संस्था कुस्तीच्या आखाड्यासाठी निर्माण झाली आणि पुढे फुटबॉलचीही पालक बनली, त्यामुळे संघाची निष्ठा लाल मातीतून आलेली आहे असे म्हणतात. हंगामाच्या सुरुवातीला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, म्हणजे केएसएकडे, प्रत्येक संघ आपल्या खेळाडूंची नोंदणी करतो, आणि मग छत्रपती शाहू स्टेडियमवर लीग व पाठोपाठ नेत्यांच्या नावांचे चषक खेळले जातात. पूर्वी खेळाडू ज्या गल्लीत जन्मला त्या गल्लीच्या संघात खेळे. निवडीचा प्रश्न सुईणीच्या पातळीवरच मिटत असे. आता मानधन आले, परजिल्ह्यांतले खेळाडू आले, नायजेरियापासूनचे परदेशी खेळाडू पेठेत खोली घेऊन राहू लागले आणि तांबडा-पांढरा रस्सा वाढला गेला, की हा आपलाच, असे पेठेने ठरवून टाकले. नोंदणीच्या दिवसांत एखादा स्थानिक खेळाडू दुसऱ्या तालमीकडे गेला तर मात्र तो ‘फुटला’ असे म्हणतात, आणि हे क्रियापद पेठेत उच्चारले जाते तेव्हा विधानसभेतील पक्षांतराची चर्चा फार सभ्य वाटते.

जयसिंगपूरचा पेच वेगळा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेले हे गाव आखीव असून त्याच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, आणि पाचव्या गल्लीसाठी सहाव्या गल्लीचे डोके फोडावे असे आजवर कोणाला वाटलेले नाही. वडिलोपार्जित तालीम नसल्यामुळे येथील फुटबॉलप्रेमीला कोल्हापूरचा कोणता संघ आपला, हे स्वतःच ठरवावे लागते, आणि तो ते बहिणीच्या सासरवरून, शिक्षणाच्या काळात राहिलेल्या खोलीवरून किंवा ज्या पेठेत उधारी चालत असे त्यावरून ठरवतो. ड्राफ्ट म्हणजे संघाने माणूस निवडणे. येथे माणसाने संघ निवडलेला असतो आणि संघाला त्याची खबर नसते. जन्माने न मिळालेली निष्ठा सतत सिद्ध करावी लागते, म्हणून चाळीस किलोमीटर दूर बसलेल्या या समर्थकाचा आवाज स्टेडियमशेजारी राहणाऱ्यापेक्षा नेहमी एक पट्टी वर लागतो.

चर्चेची रीत ठरलेली आहे. दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे उसाचा दर आणि खेळाडूंची नोंदणी हे दोन्ही विषय एकाच वेळी तापलेले असताना, एखाद्याच्या मोबाइलवर नोंदणीची खरी-खोटी यादी येते, ती मोठी करून पाहण्यासाठी चार डोकी एकमेकांना भिडतात आणि पडद्यावर चहाचा थेंब पडून नेमके बचावपटूचे नाव पुसट होते. ‘भावा, ते पोरगं डाव्या पायाचं हाय, ते गावलं म्हंजे विषय संपला,’ असे महाविद्यालयीन पक्षाने म्हणताच आडत दुकानाच्या पायरीवरून आण्णा शांतपणे विचारतात, ‘डाव्या पायाचं आसंल, पर उजव्या गुडघ्याचं काय?’ त्या गुडघ्याची वार्ता आण्णांना कोठून लागली, असे कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते: ‘आमच्या पावण्याच्या शेजारीच ऱ्हातंय त्ये.’ न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत, ती म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जयसिंगपूरने त्यांत पावणा या पाचव्या प्रमाणाची भर घातली असून ते उरलेल्या चारांनाही खोडून काढते. या मंडळींत एखादा गृहस्थ असा असतो, की जो तरुणपणी खरोखर खेळलेला असतो, ज्याच्या नडगीवर त्याची खूणही असते. त्याला मत विचारण्याची पद्धत नाही. अनुभवाने माणूस पक्षपाती होतो, असे कट्ट्याचे मत आहे.

भारतानेही ड्राफ्टची हौस फेडून घेतली आहे. इंडियन सुपर लीगच्या २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत झालेल्या ड्राफ्टमध्ये नव्याने आलेल्या जमशेदपूर एफसीने केरळचा बचावपटू अनस एडथोडिका याला १ कोटी १० लाख रुपयांना सर्वांत आधी उचलले. किंमत आधीच ठरलेली असल्यामुळे येथे बोली नव्हती, केवळ पाळी होती. त्या दिवशी पुणे सिटी या संघाची निवड कशी चुकली, यावर जयसिंगपुरात जी मते नोंदवली गेली ती आजही तेवढीच ठाम आहेत, फक्त तो संघ २०१९ मध्ये गुंडाळला गेला. ड्राफ्टच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, कोल्हापूरचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीच्या फळीत उतरला. पहिला सामना अमेरिकेशी होता आणि तो भारताने ०-३ असा गमावला. मात्र पोरगं पुढे जाणार हे आपण फार पूर्वीच सांगितले होते, असे म्हणणाऱ्यांची जिल्ह्यातील संख्या तेव्हापासून दर वर्षी वाढत आहे, आणि त्या सर्वांनी ते सांगितले तेव्हा ऐकणारा कोण होता, याचा शोध अद्याप लागलेला नाही. अमेरिकेतही हेच आहे. २००० च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रॅडी हा खेळाडू १९९ व्या क्रमांकापर्यंत कोणालाच नको होता, पुढे त्याने अंतिम सामन्याची सात विजेतेपदे मिळवली, आणि आज त्याला आधी न निवडणारा माणूस सापडणे कठीण झाले आहे.

कोल्हापुरात ड्राफ्ट आणावा, ही मागणी व्यवहारात तपासून पाहिली तर तिच्यातले स्फोटक द्रव्य लगेच दिसते. शिवाजी पेठेत वाढलेल्या पोरावर मंगळवार पेठेच्या तळाच्या संघाची पाळी आली आणि त्याने नियमाप्रमाणे त्याला उचलले, तर त्या रात्री केएसएला पंच कमी आणि पोलीस जास्त लागतील. शिवाय ड्राफ्टमध्ये आधी पाळी मिळावी म्हणून मुद्दाम हरण्याचा जो आरोप अमेरिकेत वरचेवर होतो, तो येथे टिकणार नाही, कारण पेठेच्या देखत मुद्दाम हरून घरी सुखरूप पोहोचण्याची सोय नाही.

अधिक शास्त्रशुद्ध उपाय असा, की खेळाडूंना हात न लावता समर्थकांचा ड्राफ्ट घ्यावा. सगळ्यांत कमी गुण मिळवलेल्या संघाला सगळ्यांत मोठ्या घशाचा समर्थक आधी निवडू द्यावा, ढोल-हलगीवाले दुसऱ्या फेरीत घ्यावेत, आणि सामन्यानंतर तीन दिवस पंचाविषयी बोलू शकणाऱ्यांची राखीव यादी ठेवावी. पेठांचे समर्थक आपापल्या पेठेशी आधीच बांधलेले असल्यामुळे या ड्राफ्टमध्ये मोकळा माल म्हणजे जयसिंगपूरकरच, आणि पहिल्या फेरीत मागणीही त्यांनाच राहील. मात्र निवड होऊन करारावर सही करण्याची वेळ आली, की आण्णा पहिली उचल किती, ती एकरकमी की तुकड्यांनी, असे विचारतील, आणि आकडा पटला नाही तर अंकली नाक्यावर चक्का जाम ठरलेला आहे.