थोरली पाती, धाकटी पाती

देवासच्या माणसाला भाऊबंदकी शिकवावी लागत नाही. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी इथे बस्तान बसवलं आणि थेट १९४८पर्यंत एकाच गावात दोन राजे नांदले. थोरली पाती, धाकटी पाती. तेव्हा पांडांमध्येही थोरला-धाकटा असा प्रकार आहे म्हटल्यावर मी त्यांचा कुलवृत्तांत उघडून बसलो.

तिथे सगळं उलटंच! आमच्याकडे रक्त एक, दरबार दोन. त्यांच्याकडे नुसतं नाव एक. तो काळा-पांढरा धिप्पाड गृहस्थ निघाला अस्वल. शिवाय पांडा हे नाव लाल पांडाला मिळालं १८२५ साली. थोरला पाश्चात्त्यांच्या नजरेस पडला १८६९ मध्ये. म्हणजे मानाचा विडा धाकट्याचा.

लाल पांडाच्या घराण्यात आज दुसरं कुणी उरलेलं नाही. एके काळी मात्र गोतावळा दांडगा होता. पॅरायलुरसचा दात इंग्लंडात मिळाला, प्रिस्टिनायलुरस अमेरिकेतल्या टेनेसीत निघाला. माद्रिदजवळचा सिमोसायन तर चांगला प्यूमाएवढा, सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीचा आणि मांसाहारी. त्याच्या मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालं होतं. झाडावर चढताना फांदी धरायला. लाल पांडा त्याच हाडाने आता बांबू धरतो. आजोबांची तलवार नातवाने भोपळा कापायला काढावी, तसं. आणि कमाल म्हणजे त्या अस्वलालाही अगदी तस्साच जादा अंगठा, स्वतंत्रपणे फुटलेला! एकाच पंगतीला बसलं की हातही सारखे वळतात म्हणायचं.

नातं ओळखताना घोटाळे व्हायचेच; नुसती वस्तू ओळखतानाही होतात. आमच्या जवळच्या धार जिल्ह्यात, बागजवळच्या पाडल्यात, लोक शेताचा राखणदार म्हणून गोल दगड पुजत होते. काकर भैरव. तज्ज्ञांनी पाहिलं, तर ती डायनासोरची अंडी! बाग-कुक्षी भागातल्या अशा ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद २०२३ साली छापूनही आली. कोट्यवधी वर्षं जागचा हलला नाही, याहून भरवशाचा राखणदार कुठला आणायचा? मी तरी नारळ फोडला असता.

राहता राहिला लाल पांडा, घराण्याचा एकुलता वारस. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं तपासली आणि त्याच्याही दोन पात्या निघाल्या: एक हिमालयातली, एक चीनमधली. मध्ये एक नदी आहे.