एका बाराचा हिशेब

हरिहरेश्वरातल्या एका सुपारीच्या वाडीत, दिवाळी सरता सरता, काका उकिडवे बसून बंदूक ठासत होते आणि अमेरिकेहून आलेला पुतण्या त्यांना बचत शिकवत होता. शेजारच्या माडावर वानरांची टोळी बसली होती. तिचं लक्ष दोघांकडेही होतं.

पुतण्याला तिकडे मातीच्या तबकड्या हवेत उडवून फोडायचा नाद लागलाय. त्याची बंदूक चारशे दहाची, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकांतली बारीक चणीची. या बंदुकांचे आकडे सुताच्या नंबरासारखे उलटे चालतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, की त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. अठ्ठावीस केल्या की अठ्ठावीस बोअर. चारशे दहा मात्र या गोतावळ्यात बसत नाही. ती थेट इंचात मोजतात, .४१० इंच, म्हणजे साडेदहा मिलिमीटरच्या आसपास.

उडवलेली काडतुसं हा मुलगा फेकत नाही. गॅरेजमध्ये सोऱ्याच्या थोरल्या भावासारखं एक यंत्र बसवलंय. दांडा दाबला की जळलेली टोपी बाहेर, नवी आत. मग दारू, वर बूच, बुचात छर्रे, आणि शेवटी करंजीला मुरड घालावी तसं काडतुसाचं तोंड मिटायचं. तोंड फाटेपर्यंत तीच खोळ पुन्हा पुन्हा चालते.

"पण यात सुटतात किती?" काकूंनी पडवीतून विचारलं. त्या अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

पुतण्या खुलला. बारा बोअरच्या काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छर्रे जातात, चारशे दहात १४. किलोभर शिशात बाराची ३१ काडतुसं भरतात, याची ७१. दुकानात मात्र चारशे दहा स्वस्त नाही, उलट महागच; कारण बाराचा खप धो धो आणि हे मोजक्या हौशी मंडळींसाठी. माल निम्म्याहून कमी आणि दाम वरचढ. घरी भरणाऱ्याची खरी चंगळ इथे. बारा बोअरवाला घरी भरून फारसं काही मिळवत नाही. हे गणित चोख आहे, त्यात खोट काढता येत नाही.

"आधी महिन्याला किती उडवायचास?"

"शंभर."

"आणि आता?"

"आता काय, स्वस्तच पडतं. चारशे."

काकूंचा अडकित्ता थांबला नाही.

काकांच्या बंदुकीत हा प्रश्नच येत नाही. ठासणीची बंदूक म्हणजे प्रत्येक बार घरगुती. नळीत तोंडाकडून दारू घालायची, वर सोडणाचा काथ्या, गजाने ठासायचं, आणि घोड्याखाली केप. छर्रे ते भरतच नाहीत. वानरं १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या छत्राखाली आहेत, तेव्हा नुसता आवाज. शिशाचा खर्च शून्य, काथ्या वाडीतलाच. पुतण्याला एवढी बचत अमेरिकेत जन्मात जमायची नाही.

गंमत म्हणजे या बंदुकीला १९५९च्या शस्त्र कायद्यात मानाचं पान आहे. कलम १३ म्हणतं, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी सपाट नळीची चालेल. खात्री पटवायची कुणी, हे कायदा सांगत नाही. वानरं साक्षीला येत नाहीत. शेजारच्या वाडीत बारा बोअर आहे, खडकीच्या कारखान्यातली काडतुसं खाणारी. पण एकेक बार काढताना त्या गृहस्थांचा चेहरा विजेचं बिल वाचल्यासारखा होतो.

तसं पाहिलं तर हरिहरेश्वराला काडतुसं एकदा फुकटही आली होती. १८ ऑगस्ट २०२२ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, 'लेडी हान' नावाची बेवारशी बोट किनाऱ्याजवळ लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसं. १९९३मध्ये याच तालुक्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलेलं, तेव्हा हसायची कुणाची छाती होणार? जागोजाग नाकाबंदी झाली. मग उलगडलं, की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला निघालेली. इंजिन बंद पडलं, माणसांना जूनमध्येच वाचवलं, आणि बोट एकटीच वाहत आली. काका तेव्हा केपांच्या एका डबीसाठी कागद जुळवत होते.

बार निघाला. कावळे उडाले, वानरं माडामागे गेली, पडवी धुराने भरली. आणि काकूंनी हंडा गॅसवर चढवला.

कारण काळ्या दारूची राख ओल ओढते, त्यात इथली खारी हवा. नळी गरम पाण्याने धुवून, पुसून, खोबरेल चोळलं नाही तर आठवड्यात तांबेरा धरते. "हा गॅस लिही," काकू म्हणाल्या. "खोबरेल लिही. दर पाच वर्षांनी परवान्यासाठी अलिबागच्या खेपा, त्यांचं एसटीचं भाडं. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, तेवढे दिवस वानरांना मोकळं रान. त्यांना आचारसंहिता नाही."

"पण नारळ वाचतात ना?" पुतण्याने मोबाइलवर बेरीज करत विचारलं.

काकांनी उत्तर दिलं नाही. एका बारानंतर दुसरा ठासायला मिनिटभर लागतं, धुवायला काढली तर तासभर, हे त्यांच्याइतकंच वानरांनाही पाठ होतं. नळी उलटी टेकवून निथळत ठेवलेली, पुतण्या एसटीच्या भाड्यापर्यंत पोचलेला, तोवर मोठा हुप्प्या माडावरून कौलांवर आणि कौलांवरून पडवीत आला. ताटातली शेवटची करंजी उचलून परत वर गेला. बसून आधी त्याने मुरड कुरतडली, मग सारण हातावर झाडून घेतलं, आणि पारी खाली टाकली.